सहा आकड्यांचे अंडे

पालेभाज्यांवरील परजीवी शोधण्याच्या कामात डोळ्यांआधी हात थकतात, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. २०० ग्रॅम पाने मिठाच्या ०.८५ टक्के द्रावणात खळबळायची, धुवण रात्रभर निवळू द्यायचे, वरचे पाणी अलगद काढून गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. आणि एवढ्या खटाटोपानंतर काचपट्टीवर बहुधा दिसतात ते मातीचे कण, परागकण आणि पानांवरची लव. मातीतले निरुपद्रवी सूत्रकृमीही तिथे वळवळत असतात, आणि नवशिके तंत्रज्ञ त्यांनाच अंकुशकृमीच्या (हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या) अळ्या ठरवून मोकळे होतात.

त्या दिवशी पालकाच्या नमुन्याच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या, काचपट्टीवर मला एक गोल, तपकिरी अंडे दिसले. मोठ्या भिंगाखाली त्याच्या जाड कवचावर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेषा उमटल्या. फोकस केसभर सरकवताच आतल्या गर्भाचे हुकसारखे वाकडे आकडे चमकले. ते सहा भरले. व्यास ३५ मायक्रोमीटर. फीतकृमीचे (टेपवर्मचे) अंडे, यात शंका नव्हती.

शेजारच्या सहकाऱ्याने एकदाच डोकावून नोंदवहीत ‘टीनिया सोलियम’ असे प्रजातीचे नाव लिहूनही टाकले. हा आत्मविश्वास मला कधीच जमला नाही. टीनिया सोलियम, टीनिया सॅजिनाटा आणि कुत्र्याच्या विष्ठेतून येणारा एकायनोकॉकस या तिन्ही फीतकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. पहिल्याचे अंडे पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात (लोक त्यासाठी अजूनही डुकराच्या मांसाला दोष देतात, खरे तर ही अंडी माणसाच्याच विष्ठेतून येतात), तिसऱ्यामुळे यकृतात पाण्याची गाठ वाढते, आणि दुसऱ्याच्या अंड्याने माणसाला सहसा काहीच होत नाही.

धुण्याच्या द्रावणाचा कोरा, म्हणजे पाने न घालता तपासलेला, नमुना स्वच्छ निघाला होता, म्हणजे अंडे पानांवरूनच आले होते. आमच्या छापील अहवालात मात्र ‘आढळले’ आणि ‘आढळले नाही’ एवढ्याच चौकटी आहेत. मी समासात लिहिले, ‘टीनिया गटातील फीतकृमीचे एक अंडे, प्रजाती व जिवंतपणा अनिश्चित.’ अहवाल ‘प्रजाती स्पष्ट करावी’ या शेऱ्यासह परत आला. मी तो एकही अक्षर न बदलता पुन्हा पाठवला. प्रजाती डीएनए तपासणीतून कळू शकली असती, पण गाळ सात काचपट्ट्यांतच संपला होता, आणि जुडीतली उरलेली पाने आदल्या संध्याकाळी मी स्वतःच कचऱ्यात टाकली होती.