अस्थेनोपिया की बेताळां?

मार्च संपता संपता माझे डोळे पण संपले. म्हणजे दिसत होतं सगळं, पण दुपारी तीन वाजले की एक्सेलमधले आठ आणि तीन एकसारखे वाटायला लागायचे, भुवयांच्या वर कुणीतरी दोरी बांधून ओढतंय असं व्हायचं, आणि ऑफिसमधून बाहेर पडल्यावर समोरच्या दुकानाची पाटी वाचायला डोळे दोन सेकंदांची मुदत मागायचे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "चाळिशी आली गं तुला, दुसरं काय." मी एक्केचाळीसची आहे, पण हे असं तोंडावर ऐकायची तयारी नव्हती, म्हणून डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरांनी लांबचा तक्ता वाचायला लावला, ६/६ आलं, डोळ्यात बॅटरी मारून पाहिली, मग कागदावर एक शब्द खरडला, थेंब लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. जवळचं काही वाचायला दिलंच नाही. रिक्षात बसून तो शब्द लावत बसले. अस्थेनोपिया. इथिओपियाच्या शेजारचा देश वाटला आधी, मग घाबरायलाच झालं, कारण एवढं लांबलचक नाव असलेला आजार साधा कसा असेल? घरी नवऱ्याने मोबाइलवर शोधलं आणि हसायलाच लागला. "अगं, डोळ्यांवरचा ताण!" म्हणजे मी जे मराठीत सांगायला गेले होते तेच मला ग्रीकमध्ये परत मिळालं, वर फी भरून.

शब्द मात्र मजेदार आहे. ग्रीकमध्ये स्थेनोस म्हणजे बळ, ऑप्स म्हणजे डोळा, आणि सुरुवातीला लागलेला अ हा आपल्या अशक्तमधलाच अ. डोळ्यात बळ नाही! हाच स्थेनोस कॅलिस्थेनिक्समध्ये पण आहे, तिथे त्याच्या आधी सुंदर या अर्थाचा शब्द आहे. आता आमचं ऑफिस बडोद्याच्या दांडिया बाजारात, जुम्मादादा व्यायाम मंदिर तिथून जवळच, आणि ज्या गावात तिथल्या प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्यानपिढ्या पोरांना जोर-बैठका काढायला लावल्या तिथे माझेच डोळे बळ नाही म्हणून बसून राहावेत?

पण खरं तर हे नावच जरा अन्यायाचं आहे. लांब बघताना डोळ्यातला स्नायू सैल असतो, जवळचं बघायचं असलं की तो आवळतो, मग भिंग फुगतं आणि अक्षरं स्पष्ट दिसतात. म्हणजे दिवसभर स्क्रीनकडे बघणं म्हणजे बैठक अर्धी मारून सात तास तसंच थांबणं. त्यात पापण्या. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटतात, स्क्रीनसमोर त्याच्या निम्म्याहून कमी, मग डोळा कोरडा पडून चुरचुरणार नाही तर काय? एवढं काम करून घ्यायचं आणि वर त्यालाच दुबळा म्हणायचं.

आजारांच्या जागतिक यादीच्या दहाव्या आवृत्तीत याचा कोड एच ५३.१ आहे, आणि तो ज्या गटात येतो त्याचं नाव सब्जेक्टिव्ह व्हिज्युअल डिस्टर्बन्सेस. म्हणजे पेशंट म्हणतो म्हणून. नवरा म्हणाला, "बघ, सरकारी भाषेत पण तू म्हणतेस म्हणूनच आहे."

पण या शब्दाचा उपयोग काय ते मला ऑफिसात कळलं. आधी दोनदा "डोळे दुखतायत, लवकर जाऊ का" विचारलं होतं तर सरांनी मान पण वर केली नव्हती. या वेळी अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जात अस्थेनोपिया लिहिलं. सरांनी अर्ज लांब धरला, जवळ घेतला, परत लांब धरला (त्यांचं पण तेच चाललंय, पण ते कोण सांगणार) आणि जरा मागे सरकून विचारलं, "चेपी तो नथी ने?" संसर्गजन्य नाही ना! रजा मिळाली.

आपल्याकडे खरं तर शब्दांना तोटा नाही. डोळे शिणतात, जड होतात, चुरचुरतात, तारवटतात, आणि यातला प्रत्येक त्रास वेगळा आहे, शिणलेला डोळा झोपून उठलं की बरा होतो, चुरचुरणाऱ्याला पाणी मारावं लागतं. फक्त "डोळे आलेत" म्हणायचं नाही, तो खरंच चेपी प्रकार. बडोद्यात त्यात गुजराती शब्दांची भर पडते, आंख बळे छे म्हणजे जळजळतात, आंख खेंचाय छे म्हणजे ओढले जातात. खेंचायवर मी खूश आहे, त्या दोरीचं वर्णन दुसऱ्या कुठल्या शब्दात बसलंच नव्हतं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ मध्ये, कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांमधला कोश इथे निघाला होता. रजेच्या अर्जाला मात्र यातलं काही चालत नाही, तिथे ग्रीकच लागतं.

थेंबांनी फरक पडला नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, हे पण करून पाहिलं. पण आमच्या खोलीत वीस फूट आहेतच कुठे, आठ फुटांवर फायलींचं कपाट! मग गच्चीत जायचे, तिथून सुरसागर तलावातले महादेव दिसतात, १११ फुटी. तीन डोळे आणि एकाही डोळ्याला एक्सेल नाही.

शेवटी मंगळबाजाराकडच्या चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने आधी निळ्या काचा गळ्यात मारायचा प्रयत्न केला (घेतल्या नाहीत, ताणावर त्यांचा फारसा उपयोग नाही असंच अभ्यास सांगतात), मग जवळचं वाचायला दिलं, एक भिंग लावलं, आणि आठ आठ झाला. प्लस एक. नंतर वाचलं तर युट्रेख्टच्या डोंडर्स नावाच्या डॉक्टरने १८६४ च्या पुस्तकात हेच मांडलंय, की अस्थेनोपियावाल्या कितीतरी लोकांना मुळात लपलेला प्लस नंबर असतो. त्याच्या आधी अशा लोकांना आंधळे होण्याची भीती घालून वाचन-शिवण सोडायला सांगायचे. माझा नंबर लपलेला नाही, वयाचा आहे, डोळ्यातलं भिंग ताठ व्हायला लागलंय, म्हणजे आईने फोनवर फुकट केलेलं निदानच खरं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चष्मा बाहेर काढला. शेजारच्या टेबलवाल्या बेनना सांगितलं, आमच्यात याला चाळिशी म्हणतात. गुजरातीत बेताळां म्हणतात, बेताळीसवरून (आपलं बेचाळीस), म्हणजे गुजराती डोळे मराठी डोळ्यांपेक्षा दोन वर्षं जास्त टिकतात असा हिशोब. बेन पंचेचाळीसच्या पुढच्या, अजून चष्मा नाही. त्यांनी मला वय विचारलं आणि ठाम मान हलवली. "हजु तो एकताळीस थयां, बेताळां क्यांथी आवे?" आणि माझा चष्मा उचलून स्वतःच्या नाकावर चढवून माझ्या थेंबांच्या बाटलीवरची एक्सपायरी वाचायला लागल्या.