दुबईतला फ्लॅट, कर्जाविना

जुमेरा व्हिलेज सर्कलमधला वन बीएचके आम्ही भाड्याने द्यायला म्हणूनच घेतला. कर्ज नाही म्हणजे सगळं सोपं, असं लोक म्हणतात. पण पुण्यातून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला 2.5 लाख डॉलर. म्हणून फ्लॅट हिच्या आणि माझ्या, दोघांच्या नावावर. शिवाय 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ कर, घेते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतोच, त्याची तजवीज आधी ठेवा. तिकडे नोंदणीचे 4 टक्के वेगळे.

भाडं किती येईल हे नंतर. आधी सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा खर्च, विचारा. तो चौरस फुटावर लागतो आणि मालकाच्या खिशातून जातो. भाड्यावर दुबईत आयकर नाही, भारतात आहे. परदेशी मालमत्तेच्या रकान्यातही हा फ्लॅट दरवर्षी दाखवायचाच.