तिला घरी कुणी मारलं नव्हतं

डिचोलीतल्या एका दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून बसते. त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडे एका मुलीला पाठवलं. वय पंचविशीच्या आतलं, पणजीत चांगली नोकरी. पोट सारखं दुखायचं; सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल ते बदललंय.)

लहानपणाबद्दल विचारलं तर म्हणाली, "छान होतं. कुणी कधी हात उचलला नाही. फी वेळेवर भरली जायची. मी कधी हट्टच केला नाही."

बोलता बोलता २०१२ साल निघालं. त्या सप्टेंबरात गोव्यातलं खाणकाम थांबलं आणि आमच्या भागात खनिज वाहायला कर्जावर घेतलेले ट्रक दारात नुसते उभे राहिले. तिच्या वडिलांचेही होते. ती तेव्हा पाचवीत. आईने बजावलं होतं, "बाबांना त्रास देऊ नकोस." तिने ते तंतोतंत पाळलं.

"बाबा गेटची कडी कशी लावतात, त्यावरून मला कळायचं आज बोलायचं की नाही. जोरात लावली की मी पुस्तक घेऊन मागच्या पडवीत." हे सांगताना तिचा हात पोटावर गेला होता. तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"तेव्हा तुला काय वाटायचं?"

"बाबांना खूप टेन्शन होतं."

"आणि तुला?"

"आईपण रात्र रात्र जागी असायची."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती गप्प झाली. मग रडू फुटलं आणि लगेच, "सॉरी मॅडम, तुमचा वेळ घेतेय."

फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांच्या १९९८ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासाने बालपणीचे घाव आणि मोठेपणचे आजार यांचा संबंध दाखवला. त्याच अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात भावनिक दुर्लक्षही मोजलं गेलं. मारहाण आठवते. दुर्लक्षाची आठवण सांगायला प्रसंगच नसतो. जे व्हायला हवं होतं ते राहून गेलेलं असतं. त्यासाठी आईवडील वाईट असावे लागत नाहीत. तिचे तर अजिबात नव्हते, नुसते पिचलेले होते. म्हणूनच कधीच काही न मागणाऱ्या मुलांचं कौतुक ऐकलं की मला काळजी वाटते.

सुरुवातीला तिला एकच काम दिलं. पोट दुखू लागलं की त्याआधी कोण काय बोललं ते वहीत लिहायचं आणि पुढे राग, भीती, वाईट वाटणं, जे असेल ते. पहिली पानं "काही नाही"नेच भरली. हळूहळू "राग" उमटू लागला. मग छोट्या मागण्या: ऑफिसात मदत मागायची, घरी "आज मला हे नको" म्हणायचं. यालाच तिला सर्वांत जास्त धीर लागला. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण कमी झालंय.

मध्यंतरी तिने वडिलांना विचारलं, "बाबा, तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलत का नव्हता?"

"तू लहान होतीस. तुला काय कळणार, असं वाटलं."

तिला त्याचा राग आला आणि तो तिने तिथल्या तिथे बोलून दाखवला. वडील उठून गेले नाहीत, ऐकत बसले. पुढच्या भेटीला ती त्यांना सोबत आणणार आहे.