न्यूअर्क ते सिराकुझा : बोटीवर चढणाऱ्या गाडीची आखणी, नोंद तिसरी

आखणीला काल एकदाची दिशा मिळाली. आतापर्यंत मी आधी स्वस्त विमान शोधायचो आणि मग त्याला जुळणारी गाडी. आता गाडी पक्की केली आणि विमान तिच्यामागे लावलं.

गाडी म्हणजे रोमहून सिसिलीला जाणारी इंटरसिटी. इटलीची मुख्य भूमी आणि सिसिली यांच्यामधल्या मेस्सिनाच्या सामुद्रधुनीवर पूल नाही, म्हणून अलीकडच्या विल्ला सान जोव्हान्नी स्टेशनला ही गाडी फेरीबोटीवर चढवतात. बोटीच्या पोटात शेजारी शेजारी रूळ आहेत, पण एका रुळावर सगळी गाडी मावत नाही. मग डबे सोडवून तुकड्यातुकड्यांनी आत ढकलतात. पलीकडे मेस्सिनाला गाडीचे दोन भाग होतात, एक पालेर्मोला जातो, दुसरा सिराकुझाला. डबे बोटीने नेण्याची ही सोय १८९९ सालची. पाणी ओलांडायला अर्धा तास पुरतो, पण शंटिंग, म्हणजे डबे सोडवणं, ढकलणं, जोडणं धरून दोनेक तास जातात. मला तेच दोन तास हवे आहेत. लहानपणी कर्जतला बँकर, म्हणजे घाटात गाडी मागून रेटणारी जादा इंजिनं, लागताना बाबा मला डब्याच्या दाराशी घेऊन उभे राहायचे. घाटासाठी मागून इंजिनं येऊन भिडली की आधी कपलिंगचा खणखणाट यायचा, मग एक हलका धक्का पायाच्या तळव्यांना जाणवायचा. तोच धक्का बोटीवर कसा लागतो, ते बघायचंय.

रात्रीच्या गाडीने हॉटेलचे पैसे वाचतात, पण बोटीचा सगळा सोहळा झोपेत निघून जाईल. म्हणून सकाळची गाडी. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला येतो, आणि कालाब्रियात, म्हणजे इटलीच्या दक्षिण टोकाला, रूळ कितीतरी वेळ किनाऱ्याला धरूनच आहेत.

सकाळची गाडी ठरली आणि विमानाचा प्रश्नही सुटला. अमेरिकेहून संध्याकाळी निघालेलं विमान रोमला दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतं, तोवर ही गाडी निघून गेलेली असते. म्हणजे रोमला एक मुक्काम आलाच. मला तो हवाच होता. मागच्या खेपेला मी विमान उतरल्यानंतर अडीच तासांनी सुटणारी फ्लोरेन्सची गाडी घेतली होती. विमान दीड तास उशिरा आलं, मग पासपोर्टची रांग, मग सामानाचा पट्टा. फ्युमिचिनो विमानतळ ते तेर्मिनी हे रोमचं मुख्य स्टेशन, लिओनार्दो एक्स्प्रेसने ३२ मिनिटांत पोचलो, पण फलाट रिकामा होता. तिकीट सुपर इकॉनॉमीचं, म्हणजे बदल नाही आणि परतावाही नाही. माझे आणि बायकोचे, दोघांचे पैसे गेले. तेव्हापासून विमानाच्या दिवशी लांबची गाडी धरायची नाही, आणि धरलीच तर बेस भाड्याची. ते महाग पडतं, पण गाडी सुटण्याआधी फुकट बदलता येतं.

फ्रँकफर्टमार्गे तिकीट थोडं स्वस्त मिळत होतं. मधे सव्वा तास. पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, शिरताना पासपोर्ट तपासणी पहिल्याच विमानतळावर होते, म्हणजे ती रांग त्याच सव्वा तासात. हा पर्याय खोडला. न्यूअर्कहून थेट रोम.

परतीला रोमपर्यंत मागे यायचं नाही. सिसिलीतल्याच कतानियाहून एक थांबा घेऊन न्यूअर्क, आणि जाणं-येणं एकाच मल्टी-सिटी तिकिटावर. दोन एकेरी तिकिटं बघितली तर आकडा भलताच वर गेला. कतानियाला २०२१ पासून विमानतळाजवळ रेल्वे स्टेशन आहे, सिराकुझाहून तिथवर रिजनल, म्हणजे जवळच्या अंतराच्या, गाडीने जाईन. रिजनलचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, हे नव्यांनी लक्षात ठेवा.

वेळापत्रकाच्या तक्त्यात एक चूक सापडली. आम्ही मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निघतोय. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधल्या दिवसांत न्यूअर्क आणि रोममधला फरक सहा नाही, पाच तासांचा असतो. मी सगळीकडे सहा धरले होते, सगळे रकाने पुन्हा भरले.

संपाचाही रकाना केलाय. इटलीत संप आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत रिजनल गाड्या चालवाव्याच लागतात. कतानियाची गाडी म्हणून सकाळच्या त्या वेळात बसवली आहे.

आमच्याकडे ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागणार. विमानाचं नुसतं आरक्षण करून अर्ज भरतोय, पैसे व्हिसा हातात आल्यावर.

रेल्वेचं नवं वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री लागू होतं. मार्चच्या जागा खुल्या झाल्या की समुद्राकडच्या दोन खिडक्या घेणार. बोटीवर डब्यातून उतरून वर डेकवर जाता येतं. बायको वर जाईल, मी निदान सगळे डबे आत येईपर्यंत खालीच थांबणार. कुणी हा प्रवास केला असेल तर सांगा, डबे आत ढकलताना कुठल्या टोकाच्या खिडकीतून जास्त दिसतं?