हायस्कूलच्या ग्रंथालयातील निर्लेखन: माझा अनुभव

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवतो. आमच्यासारख्या शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. कोणा एका भाषाशिक्षकाकडे ग्रंथालयाचा चार्ज दिला जातो, आणि गेल्या वर्षी जूनमध्ये तो माझ्याकडे आला. सात कपाटे, दोन दाखल नोंदवह्या (आलेले प्रत्येक पुस्तक दाखल क्रमांक देऊन ज्यांत चढवतात त्या वह्या) आणि किल्ल्यांचा जुडगा ताब्यात घेऊन मी ‘नोंदवहीप्रमाणे सर्व पुस्तके मिळाली’ या ओळीखाली सही केली. पुस्तके न मोजता ती सही मी करायला नको होती. ज्यांच्याकडे नव्याने चार्ज येणार असेल त्यांनी आठ दिवस लागले तरी एकेक दाखल क्रमांक ताडून पाहावा आणि मगच सही करावी.

मोजणी मी नंतर केली. आमच्याकडे दाखल क्रमांक मुखपृष्ठाच्या आतल्या पानामागे आणि सतराव्या पानावर, असा दोन ठिकाणी लिहिण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे पहिली पाने गळालेली पुस्तकेही सतराव्या पानावरून ओळखता आली. एकोणीस पुस्तके सापडलीच नाहीत. चारशे बारा पुस्तके वापरण्याच्या पलीकडे गेली होती. काहींना वाळवी लागली होती, काही खानापूरच्या पावसात भिंतीला चिकटून बुरसली होती, आणि बरीचशी बदललेल्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके होती. सातपैकी तीन कपाटे या पुस्तकांनी अडवली होती आणि देणगीतून आलेली नवी पुस्तके खोक्यांत पडून होती.

एवढी पुस्तके सरळ रद्दीत का काढली नाहीत, असे एका पालकांनी मला विचारले. नोंदवहीत चढलेले पुस्तक मंजुरी घेऊन निर्लेखित केल्याशिवाय, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी केल्याशिवाय, बाहेर काढता येत नाही. तोवर ते चार्ज असलेल्या शिक्षकाच्या नावावर राहते आणि गहाळ झाले तर त्याची किंमत पगारातून वसूल होण्याची भीती असते. शाळाशाळांतून ग्रंथालयाच्या कपाटांना कुलपे दिसतात ती बहुतेक या भीतीपोटी. माझ्या आधीच्या शिक्षकांनीही कपाटे बंद ठेवली होती, आणि त्यांना मी दोष देणार नाही. दोष आहे तो मंजुरीच्या वाटेचा.

मी निर्लेखनाची यादी ऑगस्टमध्ये वरच्या कार्यालयात दिली. सहा आठवड्यांनी ती परत आली, कारण ती मराठीत होती. कार्यालयीन व्यवहार कन्नडमध्ये व्हावा, हे मला मान्य आहे. मी अर्ज कन्नडमध्येच दिला होता. परंतु चारशे बारा मराठी पुस्तकांची नावेसुद्धा कन्नड लिपीत लिहून मागितली जातील, हे ना कोणी सांगितले होते, ना सूचनेच्या कागदावर कुठे लिहिले होते. आमच्या शाळेतील कन्नडच्या बाईंनी हे काम मनापासून अंगावर घेतले. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी वेगळी अक्षरे आहेत, मराठीत तो भेद नाही, त्यामुळे दर दुसऱ्या नावाला बाई पेन थांबवून विचारत, “सर, हा ए ऱ्हस्व लिहू की दीर्घ?” मी पुस्तकाचे नाव मोठ्याने म्हणायचे आणि बाईंनी कानाने ठरवायचे, असे आम्ही मधल्या सुट्टीत अडीच महिने बसलो. ज्या पुस्तकांची पाने हात लावताच गळत होती, त्यांच्या नावांसाठी एवढी काळजी घ्यावी लागत होती, आणि त्याच वेळी धडधाकट पुस्तके खोक्यांत बंद होती, याची चीड मला आजही आहे.

डिसेंबरमध्ये दिलेली यादी जानेवारीत पुन्हा परत आली. या वेळी देणगीच्या पुस्तकांपुढील किमतीचा रकाना कोरा असल्याचे कारण होते. देणगीच्या पुस्तकाला बिल नसते, हे मी तीन फेऱ्यांत तीन टेबलांवर सांगितले. शेवटी एका वयस्क कारकुनांनी वाट दाखवली: तीन शिक्षकांच्या समितीने अंदाजे किंमत ठरवायची, संस्थेचा तसा ठराव करायचा आणि त्याची प्रत जोडायची. हे वाक्य ऑगस्टमध्ये ऐकायला मिळाले असते, तर माझी दहावीची मुले ग्रंथालयाचा उपयोग करून शाळेतून बाहेर पडली असती. मंजुरी मार्चमध्ये आली, तेव्हा त्यांची परीक्षा तोंडावर होती.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासह आणि तारखेसह घ्या. दुसऱ्या फेरीत माझी यादी मिळतच नव्हती आणि पोच होती म्हणूनच ती शोधली गेली. यादीत प्रत्येक पुस्तकापुढे ‘वाळवी’, ‘बुरशी’, ‘जुना अभ्यासक्रम’ असे नेमके कारण लिहा. नुसत्या ‘जीर्ण’ या शब्दावर प्रश्न येतात.

जूनपासून ग्रंथालय नीट चालू आहे. शनिवारी सकाळच्या शाळेत वर्गवार देवघेव होते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे आणि कन्नड साहित्याचा ८९४.८१४. पुस्तकांच्या पाठीवर आम्ही हेच क्रमांक घातले आहेत, परंतु दोन्ही भाषांची पुस्तके एकाच कपाटात शेजारी ठेवली आहेत, कारण आमच्या मुलांना एकाच तासात दोन्ही लागतात. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथा नियम मी इथे क्रमांकापेक्षा मोठा मानला. सर्वांत जास्त मागणी कन्नड-मराठी शब्दकोशाला आहे. मुले कन्नडच्या धड्यासाठी तो घेतातच, पण विज्ञानाचे सरही कन्नडमधून आलेल्या परिपत्रकाचा अर्थ लावण्यासाठी तोच मागतात. संदर्भग्रंथ घरी देऊ नये, असा आमचा नियम असला तरी नववीतल्या एका मुलीला मी तो शनिवार-रविवारसाठी दिला आणि सोमवारी प्रार्थनेआधीच तो तिने वर्तमानपत्राचे कव्हर घालून परत आणला.

कपाटे आता भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवली आहेत. पावसाळ्याआधी हे काम जरूर करावे.

न सापडलेल्या एकोणीस पुस्तकांचा प्रश्न मात्र उरला आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांपैकी २१५ वा नियम सांगतो की, वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची दरवर्षी पूर्ण पडताळणी करावी, आणि वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले, तर त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसल्यास ते वाजवी समजावे. आमच्यासारख्या शाळेला हा नियम थेट लागू होत नाही, तरी आधार म्हणून त्याची प्रत कन्नड अर्जाला जोडून मी पोच घेतली आहे. उत्तर येईपर्यंत ती पुस्तके माझ्या नावावर राहतील, आणि कपाटे उघडीच राहतील.