उभी गाडी

रविवार

आत्याची गाडी आज दारात आली. आली म्हणजे क्रेनवाल्याने आणून सोडली. दोन वर्षं एका जागी उभी होती, बॅटरी मेलेली, त्यामुळे चालवत आणायचा प्रश्नच नव्हता. मीटरवर 18,412 किलोमीटर. बाबांनी दोनदा आत वाकून आकडा वाचला आणि म्हणाले, "कोरी करकरीत गाडी मिळाली तुला. फुलासारखी जपली होती तिने."

2012 च्या अखेरची गाडी. म्हणजे तेरा वर्षांची. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिकसुद्धा आत्याने काढलं नव्हतं. मी बसले तर खालून चरचर आवाज आला. एका कोपऱ्यातून प्लास्टिक उचलून पाहिलं, तर कापडावर बुरशीचे करडे ठिपके. ओल बाहेर पडायला जागाच नव्हती.

डॅशबोर्डच्या खणात तिची वही सापडली. दर वेळी पेट्रोल भरलं की एक ओळ: मीटरचा आकडा, किती लिटर, पुढे ॲव्हरेज. दोन दशांशांपर्यंत. पण पूर्ण वहीत एकही तारीख नाही. शेवटच्या पानावर चौकटीत लिहिलंय, "पुढचं सर्व्हिसिंग 20,000 ला."

वहीखाली गाडीचं मॅन्युअल होतं. त्यातल्या देखभालीच्या तक्त्यावर छापलंय, "किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी होईल ते." आत्याने 'किलोमीटर'खाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय. बाकीचं वाक्य तिने वाचलंच नसावं. किंवा वाचून सोडून दिलं असावं. तिचा तसा स्वभाव होता.

सोमवार, रात्री

किल्ली फिरवून बघायचा मोह खूप झाला. फिरवली नाही. दोन वर्षं उभ्या इंजिनातलं तेल सगळं खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. वरचे भाग जवळजवळ कोरडे. तशात धाडकन इंजिन सुरू केलं की पहिले काही सेकंद धातूवर धातू घासतो. त्याआधी बघण्यासारखं बरंच आहे.

एअर फिल्टरचा डबा उघडला. उंदरांनी घर केलं असेल अशी भीती होती, पण फक्त वाळलेली पानं निघाली. वायरिंगही शाबूत. एवढ्यावरच मी खूश.

बॅटरीला मल्टीमीटर लावला तर 9.8 व्होल्ट. पूर्ण भरलेली, स्वस्थ पडलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली आहे, पण आशा नाही. इतके दिवस रिकामी राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होऊन बसतो आणि मग ती चार्ज घेतल्याचं नुसतं नाटक करते.

मंगळवार

नाटकच. सकाळी 12.5, हेडलाइट लावताच आकडा कोसळला. नवी बॅटरी. विषय संपला.

तेल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट, मलमासारखा लगदा. बाबा म्हणाले, "हेड गॅस्केट गेलं." म्हणजे इंजिनाच्या वरच्या जोडातलं सील फुटून कुलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेलात मिसळतंय. मीही क्षणभर घाबरले. पण कुलंटची पातळी ठीक, त्यात तेलाचा तवंग नाही, आणि तेल मोजायच्या काडीवरचं तेल काळं असलं तरी दुधाळ नाही. लगदा फक्त झाकणाला आहे. तेव्हा हे गॅस्केटचं नाही, आत्याच्या फेऱ्यांचं काम आहे.

बाबांना समजावलं, तेव्हा मलाच नीट उमगलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली तेलात उतरतं. इंजिन नीट तापलं तर तेही उडून जातं. आत्याची फेरी दीड-दोन किलोमीटरची. इंजिन कोमट व्हायच्या आत ती पोचलेली असायची. पाणी आतच राहायचं, तेलात मिसळायचं, आम्ल व्हायचं. मॅन्युअलमध्ये छोट्या छोट्या फेऱ्यांना 'कठीण वापर' म्हटलंय, डोंगर आणि धुळीच्या रस्त्यांच्या पंगतीत. हे आत्याला सांगितलं असतं तर ती हसली असती. आयुष्यात तिने 50 च्या वर वेग नेला नाही.

सायलेन्सरवर पान्याच्या मुठीने टकटक केली. पुढून टणटण, मागच्या डब्यावर थप्प. आतून गंजलाय. वरून रंग अजून चकाकतोय.

गुरुवार

टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. वास पेट्रोलचा नव्हेच, जुन्या वॉर्निशचा. हलके, पटकन पेटणारे घटक उडून गेलेले आणि उरलेल्याचा डिंक व्हायला लागलेला. नवं पेट्रोल, नवा पेट्रोल फिल्टर, नवं तेल, तेलाचा नवा फिल्टर. चारही स्पार्क प्लग काढून भोकांत थोडं थोडं तेल सोडलं, फ्यूएल पंपाचा फ्यूज काढला आणि प्लगशिवाय नुसता स्टार्टर मारला. पाच-पाच सेकंद, मध्ये विश्रांती. चौथ्या खेपेला तेलाचा लाल दिवा विझला. म्हणजे तेल वरपर्यंत पोचलं.

प्लग बसवले, फ्यूज लावला, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! मागून पांढरा धूर, वरच्या टॅपेटचा टकटक आवाज, मग दोन मिनिटांत सगळं शांत. बाबांनी टाळी वाजवली.

मग पहिला गिअर टाकून क्लच सोडला, आणि गाडीने मागचा भाग खाली दाबला. हललीच नाही. हँडब्रेक सोडलेला होता. रिव्हर्स टाकला, तरी तेच. आत्याने जाताना हँडब्रेक नेहमीसारखा करकचून ओढला असणार, आणि दोन वर्षांत मागचे ब्रेक शूज (ब्रेक लावला की चाकाच्या ड्रमला आतून दाबून धरणारे पट्टे) ड्रमला गंजाने चिकटून बसले. क्रेनवाला मागची चाकं घासत घासत खाली उतरवत होता, तेव्हा मला कळायला हवं होतं.

डावं चाक काढून ड्रमवर हातोडीने भोवताली ठोकलं, तर दहाव्या ठोक्याला 'टक्' होऊन सुटलं. उजव्याने तासभर घेतला. (लांब मुक्कामाला गाडी ठेवायची तर गिअरमध्ये ठेवावी, चाकांना ठोकळे लावावेत, हँडब्रेक मोकळा. हे मला माहीत होतं. तिला फोनवर सांगायला हवं होतं, हेही माहीत होतं.)

शनिवार

आजचा सगळा दिवस ब्रेकवर गेला.

ब्रेक ऑइलच्या बाटलीतलं तेल पारदर्शक पिवळं असायला हवं. इथे चहाइतकं काळं. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं, झाकण कितीही घट्ट असो. रबरी नळ्यांतून, झाकणाच्या श्वासभोकातून ओल येतच राहते. डॉट 4 प्रकारचं नवं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा 155 धरतात. घाटात उतरताना ब्रेक तापले, तेल उकळलं, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, पण दाब पुढे ढकलत नाहीत. पाय टाकला तर पॅडल थेट जमिनीला. सपाट रस्त्यावर हळू चालवणाऱ्या माणसाला हे वर्षानुवर्षं कळतच नाही. म्हणूनच मॅन्युअल दोन वर्षांनी बदला म्हणतं, चालवा अथवा न चालवा. इथे तेरा वर्षं.

जुनं तेल नळ्यांतून काढायला बाबा आत बसले, मी चाकापाशी. "दाबा... धरून ठेवा... सोडा." पॅडलखाली मी आधी लाकडाचा ठोकळा ठेवला होता. बाबांना तो अपमान वाटला.

"मला ब्रेक दाबता येत नाही का?"

"तुम्हाला येतं, त्या सिलिंडरला येत नाही."

जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पॅडलचा दाब तेलाला देणाऱ्या नळकांड्यात, पिस्टन रोज जेवढा फिरतो तेवढाच भाग गुळगुळीत असतो. त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. पॅडल पार खाली दाबलं की रबरी सील त्या खरखरीत भागावर घासून फाटतं, आणि तेल बदलण्याच्या नादात चांगला सिलिंडर हातचा जातो. बाबा ऐकून म्हणाले, "म्हणजे जिथे पाय गेला नाही तिथेच खराब झालंय." हो. असंच.

पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कला दोन पॅडांत चिमटणाऱ्या पकडीच्या) पिना दोन्ही बाजूंच्या जाम. त्यामुळे आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. पिना काढून, घासून, ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं. डिस्कवरचा गंज मात्र वरवरचा निघाला.

संध्याकाळी हात धुताना नखांतला काळेपणा गेला नाही. तसाच राहू दिला.

बुधवार

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा दातेरी पट्टा, मी स्वतः बदलणार नव्हते. तेवढी हिंमतही नाही, आणि एक दात चुकला तर पुढचं सगळं माझ्या नावावर. गॅरेजमध्ये नेली. तिथल्या दादांनी मीटर बघितलं आणि हसले. "ताई, अठरा हजारात कोण बेल्ट बदलतं? अजून कितीतरी चालेल."

मी मॅन्युअल उघडून 'जे आधी होईल ते' ही ओळ दाखवली. बेल्ट म्हणजे रबर आणि धागे. रबराला मीटर वाचता येत नाही. आणि आमच्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणजे बेल्टची बचत आणि इंजिनचा चुराडा.

त्यांनी कव्हर काढलं. बेल्ट दिसायला छान. "बघा," ते म्हणाले. मी पाहिलं आणि तरी म्हटलं, बदला. सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी कप्पी) आणि वॉटर पंपही, कारण तेवढंच सगळं पुन्हा उघडावं लागतं. जुना बेल्ट त्यांनी हातात घेऊन उलटा वाकवला तेव्हा दातांच्या मुळाशी बारीक रेषा दिसल्या. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. इंजिन फ्लश करून घ्या, म्हणजे रसायन घालून आतला गाळ धुवून काढा, असं मात्र त्यांनी आग्रहाने सांगितलं. तो मी नाकारला. जुना गाळ जिथे आहे तिथून एकदम सुटून तेलाच्या बारीक वाटांत अडकण्यापेक्षा, तेल लवकर लवकर दोन-तीनदा बदललेलं मला बरं वाटतं. यावर आमचं एकमत झालं नाही. होणारही नाही.

एसी गार होत नाही. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. एसी महिनोन्महिने लावलाच नाही तर सील कोरडी पडतात आणि गॅस हळूहळू निघून जातो. आत्याला एसीने सर्दी व्हायची. ते काम पुढच्या महिन्यात.

रविवार

पहाटे रिकाम्या रस्त्यावर चाळीस मिनिटं चालवली. इंजिनाचा काटा मध्यावर येऊन थांबला, आणि तिथे तो बराच वेळ राहिला. त्या गाडीच्या आयुष्यात असं फार वेळा झालं नसेल. ब्रेक घट्ट, क्लच हलका. फक्त साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं.

घरी येऊन टायर पाहिले. खाचा जवळजवळ 6 मिलिमीटर खोल. अनेक देशांत कायद्याने 1.6 मिलिमीटर उरले की टायर बाद, तेव्हा या हिशेबाने ते अजून तरुण. पण खाचांच्या तळाशी आणि कडेला केसासारख्या भेगा, आणि जमिनीवर टेकून राहिलेला भाग किंचित सपाट. थरथर त्याचीच. कडेवर 'DOT' अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन वर्षातला आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरांवर 4112. 2012 चा एकेचाळिसावा आठवडा.

चारही बदलायचे ठरवलं आणि डिकीतून स्टेपनी काढली. एकदाही जमिनीला न टेकलेली. साच्यातून निघताना राहिलेले रबराचे बारीक केस सगळीकडे ताठ उभे.

"ही तरी ठेव," बाबा म्हणाले. "हिने तर शून्य किलोमीटर केलेत."

मी बोट ठेवलं तिथे त्यांनी चष्मा चढवून वाचलं. "चार, एक, एक, दोन." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मी पान्याला कापड गुंडाळत होते. मान वर केली तर बाबा तिथे नव्हते. मागच्या बाजूला, आच्छादनाखाली गेली कित्येक वर्षं झाकून ठेवलेल्या स्वतःच्या स्कूटरपाशी, टॉर्च घेऊन ते जमिनीवर बसले होते.

"अगं," त्यांनी हाक मारली, "इथे तीनच आकडे आहेत. हे कसं वाचायचं?"

तीन आकडे म्हणजे 2000 च्या आधीचा टायर.