वार्षिकांकाचा मजकूर लिहिताना : माझा अनुभव

शाळेच्या वार्षिकांकाच्या मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी सर्वांत आधी जुने अंक वाचून काढले. कोणत्याही अंकातला क्रीडादिनाचा अहवाल उचलून दुसऱ्या अंकात टाकला असता, तरी कुणाला पत्ता लागला नसता. 'स्पर्धा मोठ्या उत्साहात पार पडल्या', 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला', 'शिक्षकांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले' आणि शेवटी आभार. फोटो तेवढे त्या त्या वर्षाचे होते.

मुलामुलींच्या संपादक मंडळाची पहिली बैठक झाली, तेव्हा मी एकच अट घातली. लिहिलेलं वाक्य मागच्या वर्षाला किंवा पुढच्या वर्षाला लागू पडत असेल, तर ते काढायचं. मुलांना आधी हे फार कडक वाटलं. पहिल्या अहवालाला ही कसोटी लावली तर तारीख, विजेत्यांची नावं आणि एक अर्धं वाक्य एवढंच शिल्लक राहिलं. पण त्यामुळेच प्रश्न उभा राहिला, की मग लिहायचं काय? आणि उत्तर मिळवायला मुलांना जागेवरून उठावंच लागलं.

रिले शर्यतीचं उदाहरण सांगते. पहिला मसुदा असा होता : 'रिले शर्यत अत्यंत चुरशीची झाली. सर्व संघांनी जिद्दीने खेळ केला.' मी लिहिणाऱ्या मुलाला विचारलं, चुरशीची म्हणजे नेमकं काय झालं? तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यामुळे त्याला काहीच दिसलं नव्हतं. त्याला धावलेल्या मुलींकडे पाठवलं. तो परत आला तो वही भरून. नववीचा संघ पुढे असताना दुसऱ्या मुलीच्या हातून बॅटन पडली होती. ज्याच्या हातून ती पडते त्यानेच ती उचलायची असते, म्हणून ती मागे वळली, उचलली आणि पुन्हा धावत सुटली. संघ शेवटचा आला. ती मुलगी त्याला म्हणाली होती, "पडल्याचा आवाजच आला नाही. मूठ रिकामी लागली तेव्हा कळलं."

नव्या मसुद्याचं पहिलं वाक्य झालं : 'बॅटन पडली, तेव्हा नववीचा संघ पहिला होता.' त्यानंतर काय झालं हे दोन वाक्यांत, मग त्या मुलीचे शब्द जसेच्या तसे, आणि त्याखाली निकाल. छापण्याआधी तिला पूर्ण मजकूर वाचून दाखवला आणि तिची संमती घेतली. हा क्रम आम्ही पुढे बहुतेक पानांना वापरला. घटना आपण सांगायची; मनात काय चाललं होतं ते ज्याचं त्यानेच सांगायचं. 'तिला अतिशय वाईट वाटले' असं आपण लिहिलं की वाचणारा पुढच्या ओळीवर जातो.

अर्थात असे शब्द मिळायला प्रश्न तसे विचारावे लागतात. 'कसं वाटलं?' या प्रश्नाला 'छान वाटलं' याच्यापलीकडे उत्तर येत नाही, हे मुलांना दोन-तीन मुलाखतींतच कळून चुकलं. मग आम्ही विचारू लागलो : त्या वेळी तू कुठे उभी होतीस? त्याच्या आधी काय करत होतीस? पहिलं कोण बोललं? उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, थोडं थांबायचं. माणूस बहुतेक वेळा त्या शांततेतच खरं ते बोलतो. मला विचाराल तर वार्षिकांकाचं निम्मं लेखन इथेच होतं.

फोटोओळींवर मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण अंक हातात आल्यावर सगळे आधी फोटो बघतात आणि मग त्याखालची ओळ. लांब लेख वाचणारे त्यानंतर. आपल्याकडे फोटोओळ हमखास '-ताना'वर संपते : 'विद्यार्थिनी पारितोषिक स्वीकारताना'. ते तर फोटोत दिसतंच आहे! आम्ही ठरवलं, पहिल्या वाक्यात कोण आणि काय, डावीकडून क्रमाने पूर्ण नावांसह. दुसऱ्या वाक्यात फोटोत न दिसणारी गोष्ट. विज्ञान प्रदर्शनात एक मुलगा यंत्राच्या खाली वाकलेला फोटो होता. त्याखाली आधी फक्त 'प्रकल्प सादर करताना' असं होतं. चौकशी केल्यावर कळलं, की परीक्षक पुढच्याच टेबलापाशी आले होते आणि सुटलेली वायर तो हाताने धरून बसला होता. हे दुसरं वाक्य टाकलं आणि तो फोटो लोक थांबून बघू लागले.

नावांची यादी आम्ही भिंतीवर लावली होती. ज्याचं नाव किंवा बोलणं अंकात आलं, त्याच्यापुढे खूण. ठरावीक चेहरेच पुन्हा पुन्हा येतात हे त्या यादीने उघड केलं. मग गुण नोंदवणारी मुलगी, नाटकाचे दिवे सांभाळणारा मुलगा, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसणारे, यांच्याकडे आम्ही मुद्दाम गेलो. एकही मूल फक्त वर्गाच्या सामूहिक फोटोपुरतं राहू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि टोपणनावावरचा किंवा दिसण्यावरचा विनोद, तो कितीही गमतीचा असला तरी, सरळ काढला. छापलेलं पुसता येत नाही.

मथळ्यांबद्दल थोडक्यात : मजकूर पूर्ण झाल्यावरच लिहिले, आणि 'क्रीडादिन' हा शब्द मथळ्यात नको, तो वर कोपऱ्यात बारीक टाइपात पुरतो. मजकूर मोठ्याने वाचला की लांबलेली वाक्यं आपोआप सापडतात.

प्रूफ तपासताना एक काळजी जरूर घ्या. आमचा मजकूर युनिकोडमध्ये होता आणि मांडणीसाठी तो युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलावा लागला. अशा बदलात रफार सरकतो, 'ऱ्या' तुटतो, जोडाक्षरं वेगळी पडतात. त्यामुळे मांडणी झाल्यावर प्रत्येक वर्गाची पानं त्या वर्गात फिरवली आणि ज्याने त्याने आपलं नाव स्वतः तपासून सही केली. अंक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा-सोळा पानांच्या गटांत, छापला जाणार होता, म्हणून तयार फॉर्म आधी पाठवले आणि शेवटचा एक फॉर्म निरोपसमारंभासाठी राखून ठेवला. त्या समारंभाच्या पानांसाठी मुलाखती घेणारी मुलं कार्यक्रम चालू असतानाच वही घेऊन बसली होती.